एस्तेरबाईंची बुधवारची प्रार्थना

एस्तेरबाईंच्या तोंडून वाकडा शब्द ऐकलेला माणूस पुलगावात शोधून सापडला नसता. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली, पण पोरावर कधी खेकसल्या नाहीत. भाजीवालीनं किडकी वांगी दिली तरी "माय, जरा पाहून देजो" एवढंच म्हणायच्या. त्यांची धाकटी जाऊ पौर्णिमा याच गोष्टीवर चिडायची. "बाई, तुमाले राग येते का नाई कधी?" राग यायचा, कसा नाही येणार? पण बाई तो आधी देवाला सांगून टाकायच्या आणि मगच माणसाशी बोलायच्या.

दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत घरसभा भरायची. पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसायची, एकेक जण आपली अडचण सांगायचा, बाई ती वहीत लिहून घ्यायच्या. मग डोळे मिटून, वहीकडे न बघता, सगळी नावं ओळीनं देवापुढे मांडायच्या. एकही सुटायचं नाही. लोक त्यासाठीच यायचे. शेजारच्या अनुसयाबाई तर देवळातली आरती आटोपून यायच्या, गुडघ्यासाठी. त्यांना कोणी हटकलं नाही आणि त्यांनीही कधी काही लपवलं नाही.

पोळ्याच्या आठवड्यात बाईंचा नवरा गेला. दोन वर्षं डायलिसिस चाललं होतं. भेटायला येणारे रडायचे आणि बाई त्यांनाच पाणी द्यायच्या, धीर द्यायच्या, चहा घेतल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. त्या स्वतः रडल्या नाहीत. चर्चच्या पाळकसाहेबांनी तर रविवारी भर उपासनेत सांगितलं की विश्वास बघायचा तर एस्तेरबाईंचा बघा.

विश्वास कसला डोंबलाचा. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलेला गाल असतो ना, तसं त्यांचं झालं होतं. चिमटा काढला तरी कळू नये. तोंडानं गोड शब्द यायचे, प्रार्थना यायची, आत कशाचाच पत्ता नसायचा. हे कोणाला सांगायची त्यांना भीती वाटायची. मालधक्क्यावर हमाली करणाऱ्या निकेशनं या सतरंजीवर बसून दारू सोडली होती. आपणच पोकळ आहोत असं कळलं तर तो कशाच्या आधारावर उभा राहणार? म्हणून बाई बुधवारमागून बुधवार रेटत राहिल्या.

अशाच एका बुधवारी त्यांनी डोळे मिटले आणि नावं सुरू झाली. अनुसयाबाईंचा गुडघा झाला, निकेशचा संयम झाला, कोणाच्या तरी सुनेचं बाळंतपण झालं. त्याच ओघात बाई म्हणाल्या, "आणि हे पित्या, शांतवनला उद्या डायलिसिसला नेतो. त्याच्या हाताची शीर लवकर सापडू दे."

नवऱ्याचं नाव त्या एरवी घेत नसत, "हे" म्हणायच्या. देवापुढे मात्र नावच घ्यायच्या. दोन वर्षं, दर बुधवारी.

"आमेन," निकेश सवयीनं म्हणून गेला. बाकीच्यांनी डोळे उघडले. मेलेल्या माणसाच्या तब्येतीसाठी त्यांच्या मंडळीत कोणी प्रार्थना करत नाही, लहान पोरालाही ते ठाऊक असतं. बाईंनी डोळे उघडले तर पौर्णिमा पदरात तोंड घालून बसलेली.

"तू काऊन रडून राह्यली?"

"बाई, तुमी दादाच्या डायलिसिससाठी मांगलं ना आता."

एस्तेरबाईंनी ते ऐकलं. तरी रडू आलं नाही. वेळ सावरून नेणारं एक छानसं वाक्य मात्र लगेच जिभेवर आलं. ते त्यांनी गिळलं.

अनुसयाबाईंनी हात लांब करून वही आपल्या मांडीवर ओढली. "सांगा," त्या म्हणाल्या, "तुमचं काय लिवू?"

"मले काही वाटूनच नाई राह्यलं," एस्तेरबाई म्हणाल्या. "हे गेल्यापासून. तुमच्यासाठी मांगतो ते बी नुस्तं तोंडानं मांगतो. तेवढं लिवा."

अनुसयाबाईंनी चौथीतल्या अक्षरात ते सगळं लिहिलं. लिहून झालं. प्रार्थना करायची कोणी? सगळे सवयीनं बाईंकडेच बघत राहिले. शेवटी निकेशनं डोळे मिटले.

"देवा," तो म्हणाला, "बाईले काही वाटून नाई राह्यलं." पुढं त्याला सुचेना. एरवी बाईंनी हळूच शब्द पुरवला असता, आज त्यांच्याकडे तो नव्हता. "आमी हाओ इथं," निकेश म्हणाला. "आमेन."

अनुसयाबाईंनी वही मिटून काखेत मारली. "पुढच्या बुधवारी मी वाचीन. तुमी नुस्त्या बसजा."

एस्तेरबाईंनी मान हलवली. त्यांना अजूनही काही वाटत नव्हतं, पण आता ते कोणापासून लपवायचं नव्हतं.