एकटीची टीम घेऊन सोलापूरला

राजश्रीनं व्हॉट्सअॅपवर एक पोस्टर पाठवलं. सोलापूरच्या कुठल्याशा गार्डन रेस्टॉरंटमधली सामान्यज्ञानाची लीग, रविवारी दुपारी शेवटची फेरी, बाहेरगावच्या टीमचं स्वागत. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, ‘आमच्याकडं पण चालू झालंय बघ.’ ये, असं काही म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस ते पोस्टर उघडून बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी शनिवार सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं.

क्विझसाठी कुणी पुण्याहून सोलापूरला जातं का, असं तुम्ही विचाराल. मी आणि राजश्री एकाच ऑफिसात शेजारच्या टेबलांवर बसायचो. दर गुरुवारी काम संपलं की कोथरूडच्या एका रेस्टॉरंटमध्ये आमची क्विझ असे. इतिहास, नद्या आणि राज्यघटना माझ्याकडे. क्रिकेट, विज्ञान आणि ज्यांना काही शेंडाबुडखाच नाही असे सगळे प्रश्न तिच्याकडे. मग तिची आई आजारी पडली आणि ती सोलापूरला गेली. गेल्या हिवाळ्यात आई गेल्या. मला वाटलं, आता राजश्री परत येईल. आमचे फोन होत राहिले, हळूहळू आखूड होत गेले. आता पुण्याची लीग पुन्हा सुरू होणार होती. तू माझ्याबरोबर खेळायला येतेस का, हे फोनवर विचारायचं धाडस होईना, म्हणून मी गाडीत बसले.

रस्त्यानं जायचं तर हायवे चांगला आहे, पण मी म्हणेन ट्रेननंच जा. दौंड सोडलं की उसाचे पट्टे लागतात, मध्येच उजनीचं पाणी चकाकतं, आणि चार तासांत सोलापूर. माझ्या शेजारी केमच्या एक काकू बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत घट्ट बांधलेला डबा.

“कुटं निघालाय?”

“सोलापूरला.”

“पावनं हायत व्हय तितं?”

“मैत्रीण आहे.”

“मग काय, येईल की स्टेशनावर न्यायाला.”

मी हो म्हटलं. राजश्री येणार नव्हती. मी लॉज बुक केलंय असं सांगितल्यावर ती “अगं, घरी ये की” म्हणाली होती, पण एकदाच. केम आलं तशा काकू उठल्या. आमच्या गावचं कुंकू लांब लांब जातं, ध्यानात ठेवा, असं जाता जाता सांगून गेल्या. असं काही नवं कळलं की पूर्वी मी लगेच राजश्रीला मेसेज करायचे. तिला हे माहीत असणारच, असं वाटून फोन परत पर्समध्ये टाकला.

स्टेशनजवळची लॉजं स्वस्त आहेत आणि स्वच्छताही बरी असते. खोली मात्र आतल्या बाजूची मागा, रस्त्याकडच्या खोल्यांत रिक्षांचे हॉर्न थेट उशाशी वाजतात. दुपारी ऊन उतरल्यावर नवी पेठेत गेले. इथे चालण्यापेक्षा ढकललं जाणंच जास्त. कापडाची दुकानं, सोन्याची दुकानं, मध्ये रिक्षा, आणि कानावर एका वाक्यात मराठी तर पुढच्यात कन्नड. चादर घ्यायचं मनात होतंच. दुकानदारानं थप्पी उलगडायच्या आधी विचारलं, “डबल दाखवू का सिंगल?”

“सिंगल.”

“डबल घेऊन ठेवा की ताई. पाहुणे आले तर उपयोगी पडती.”

मी सिंगलच घेतली. मरून रंगाची, जाड विणीची. घासाघीस केली तर थोडं कमी करतात, पण फार ताणू नका.

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसले. देवळात जाणाऱ्यांची रांग, काठानं चालणारी कुटुंबं, पाण्यावर पक्षी. मी राजश्रीला फोटो पाठवला. ‘मस्त,’ तिचं उत्तर आलं, ‘आमची प्रॅक्टिस चालू आहे, उद्या भेटूच.’ आमची, हा शब्द मी बराच वेळ बघत बसले. रात्रीचं जेवण एका खानावळीत केलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वरून दही आणि झणझणीत आमटी. भाकरी पापडासारखी मोडते. आमटीत चुरून जरा थांबायचं, मग खायचं. मला ते माहीत नव्हतं, मी तशीच खात सुटले. वाढणारे काका लांबून हसले आणि म्हणाले, “दात जातील बाई, भिजू द्या की.”

रविवारी दुपारी रिक्षानं विजापूर रस्त्यावरच्या त्या रेस्टॉरंटमध्ये पोचले. पब म्हणावं असं तिथे काही नाही. एका अंगाला परमिट रूम, दुसऱ्या अंगाला फॅमिली सेक्शन, मध्ये हिरव्या जाळीचा आडोसा. क्विझच्या दिवशी ती जाळी गुंडाळून ठेवतात आणि बिअरवाले, सोडावाले, आजीआजोबा सगळे एकाच अंगणात बसतात. टेबलांवर मसाला पापड आणि उकडलेल्या शेंगा. बायका भरपूर असतात, एकटीनं जायला काही हरकत नाही. जागेपुरतंच म्हणतेय मी.

राजश्री धावत आली. केस आखूड केले होते, चेहरा भरला होता. तिनं मला घट्ट मिठी मारली. “वसू! खरंच आलीस की गं!”

“मग? कुठे बसायचं आपण?” मी विचारलं.

तिनं माझ्यामागे कुणी आहे का ते बघितलं. मग म्हणाली, “अगं, लीगच्या टीमा वर्षभर ठरलेल्या असतात. तिघांपेक्षा जास्त चालत नाहीत. मला वाटलं तू कुणालातरी घेऊन येशील.”

मी कुणाला घेऊन येणार होते?

तिनं तिच्या टीमशी ओळख करून दिली. अल्ताफभाईंचं गाड्यांच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. श्रीनिवास कॉलेजात गणित शिकवतो, त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग होते. “वसुधाताई म्हणजे तुम्हीच व्हय?” अल्ताफभाई म्हणाले. “तुमचं लई ऐकलंय. नद्यांमदी तुमचा हात कुणी धरत नाही म्हणं.” मला बरं वाटलं. मग ते तिघं आपल्या टेबलाकडे गेले आणि मला चार खुर्च्यांचं एक टेबल दिलं गेलं.

“बाकीचे येतायत का?” वेटरनं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं एकच पाण्याचा ग्लास ठेवला. क्विझ सुरू व्हायच्या आत शेजारच्या टेबलांवरून एकेक जण येऊन गेला. ही खुर्ची घेऊ का? ही लागत नाही ना तुम्हाला? शेवटी टेबलाला माझीच तेवढी खुर्ची उरली.

प्रश्न विचारणारे हिरेमठ सर निवृत्त शिक्षक, आवाज खणखणीत, हातात कार्डांचा गठ्ठा. पहिल्याच फेरीत आलं, कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो? शुक्र! मी अंगात वीज भरल्यासारखी उजवीकडे वळले, सांगायला. उजवीकडे गुंडाळलेली हिरवी जाळी होती. कागदावर शुक्र लिहिलं, मार्क मिळाला, पण तो मिळाल्याचं कुणाला सांगायचं ते कळेना.

पुढे कर्कवृत्त किती राज्यांतून जातं हे आलं. खरं तर हा माझा प्रश्न. मी बोटं दुमडत मोजलं, मिझोरामपर्यंत गेले, मध्ये त्रिपुरा धरलं की नाही याचा गोंधळ झाला आणि सात लिहून मोकळी झाले. उत्तर आठ. पलीकडच्या टेबलावर राजश्री, अल्ताफभाई आणि श्रीनिवास डोकी एकत्र आणून मोजत होते. राजश्री तर्जनीनं टेबलावर रेघा ओढत होती. ही सवय तिला पुण्यात नव्हती.

शेवटच्या फेरीपर्यंत राजश्रीची टीम आणि डॉक्टरांची एक टीम बरोबरीत आली. मी कुठेतरी तळाला. मग हिरेमठ सरांनी शेवटचा प्रश्न विचारला, “भारताची राष्ट्रभाषा कोणती?”

हा प्रश्न मी पुण्यात अनेकदा ऐकलाय. घटनेत राजभाषा आहे, राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेचं नाव नाही. पण प्रश्न काढणाऱ्यांच्या कार्डावर बहुतेक वेळा काय असतं तेही मला माहीत आहे. असा प्रश्न आला की मी डगमगायचे आणि राजश्री माझ्या हातातलं पेन काढून घेऊन खरं ते लिहायची. आज पेन माझ्याच हातात होतं. मी ‘हिंदी’ लिहिलं.

“उत्तर आहे हिंदी,” सर म्हणाले. डॉक्टरांच्या टेबलावर टाळ्या पडल्या.

राजश्री उभी राहिली. “सर, आमचं उत्तर ‘कोणतीच नाही’ असं आहे. तेच बरोबर आहे. हिंदी राजभाषा आहे.”

“कार्डावर हिंदी आहे ताई. कार्ड म्हणजे फायनल.”

“आमच्या टेबलावरच बघा की सर,” अल्ताफभाई म्हणाले, “मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्या बसल्यात. कुठलीला राष्ट्रभाषा करायची?” लोक हसले, पण सर हलेनात. डॉक्टर मंडळी घड्याळं बघायला लागली. राजश्रीचा चेहरा लाल झाला होता. तो चेहरा मला पाठ आहे. आता ती एक शब्दही बोलणार नाही आणि खाली बसेल.

ती बसली. आणि मी उठले.

“सर, त्यांचं बरोबर आहे. घटनेत राष्ट्रभाषा असा उल्लेखच नाही. फोनवर बघून घ्या.”

सर माझ्या टेबलापाशी आले. मग त्यांनी माझा कागद उचलला. “पण ताई, तुम्ही तर हिंदीच लिहिलंय!”

“तुमच्या कार्डावर तेच असणार असं वाटलं म्हणून लिहिलं. चुकीचं आहे. माझा मार्क काढून टाका.”

अख्खं अंगण हसलं. हिरेमठ सरही हसले, चष्मा वर करून फोनमध्ये बराच वेळ वाचत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मान्य. कार्ड चुकलं.” एका मार्कानं राजश्रीची टीम जिंकली.

त्यानंतर आरडाओरडा, पेढे आणि एक पितळी कप. अल्ताफभाईंनी मला दोन्ही हातांनी नमस्कार केला. राजश्री डोळे पुसत होती. “ताई, एक फोटो काढता का जरा?” श्रीनिवासनं माझ्या हातात फोन दिला. तिघं कप धरून उभे राहिले. “तुम्ही पण या की मधी!” अल्ताफभाई म्हणाले.

“मग काढणार कोण?” मी म्हटलं आणि फोटो काढला. छान आला. राजश्री इतकी हसलेली मी फार दिवसांनी पाहिली.

सोमवारी सकाळी ती अर्धी रजा टाकून मला नाश्त्याला घेऊन गेली. सोलापुरात गेलात तर सुशीला खाल्ल्याशिवाय येऊ नका. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तो पोह्यांसारखा प्रकार, वर शेव, बाजूला मिरची. हॉटेलवाल्या आजींनी राजश्रीला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, तिनं कन्नडमध्येच उत्तर दिलं आणि दोघी खळखळून हसल्या. मला काही कळलं नाही.

“पुण्याला कधी येतेस?” मी विचारलं.

“येईन की. दिवाळीनंतर चार दिवस.”

“तसं नाही. राहायला.”

तिनं चमचा खाली ठेवला. “वसू, पोस्टर पाठवलं तेव्हा वाटत होतं तू यावंस. आणि भीती पण वाटत होती.”

“कसली?”

“हेच विचारशील म्हणून. मी नाही येणार आता. आई गेल्यावर मला कुणी अडवलं नव्हतं, मीच ठरवलं. पुण्यात मी इतकी वर्षं काढली, पण संध्याकाळी सहज दार वाजवावं असं एक घर नव्हतं मला. हितं रस्त्यानं जाताना चार माणसं हाक मारतात.”

“मी होते की.”

“तू होतीस,” ती म्हणाली. माझा हात तिनं धरला होता. “तू एकटीच होतीस, वसू.”

सुशीला गार झाली होती. तरी आम्ही दोघींनी ती संपवली. स्टेशनवर ती सोडायला आली, खाण्याची एक पिशवी हातात दिली, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहिली. परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. कुर्डुवाडीला चहा चांगला मिळाला.

संध्याकाळी घरी आले, दिवे लावले आणि पोचल्याचं सांगायला तिला फोन केला. ती अल्ताफभाईंच्या दुकानात होती. मागून त्यांचा आवाज आला, “ताईंना विचारा, ताईंना! भीमा कुठल्या नदीला मिळती?”

“कृष्णेला,” मी म्हटलं.

“बघ, मी काय म्हणत होतो!” पलीकडून श्रीनिवास ओरडला. राजश्री म्हणाली, “बरं झालं पोचलीस. जेव नीट. ठेवते हं.” पण फोन बंद करायला ती विसरली. बहुतेक काउंटरवर तसाच ठेवला असावा. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी तीन चहा सांगितले. श्रीनिवास हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि राजश्री हसली, मग ती कन्नडमध्ये बोलायला लागली, कुणाशी ते कळलं नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. त्यांचा चहा आला. त्यांनी पुढचा प्रश्न काढला. त्याचं उत्तर मला येत होतं.

मी लाल बटण दाबलं.