माझ्या मापाचं लेथ

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला कॉटच्या कडेला उभं केलं आणि डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं. दोन महिने मेल्यासारखा पडून राहिलेला तो अंगठा हलला, चांगला वर आला. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी डॉक्टरांना विचारलं, "मशीनवर कधी उभा राहू?" ते म्हणाले, "आधी संडासापर्यंत जाऊन या."

मी टर्नर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लहानशा वर्कशॉपमध्ये, एकाच लेथवर मी एकोणीस वर्षं काम केलं होतं. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून, हत्याराने सोलत सोलत त्याला आकार देणारं मशीन. आमच्याकडे माप थाऊत बोलतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माझ्या हातचा शाफ्ट, म्हणजे लोखंडी गोल दांडा, एका थाऊनेही चुकत नाही असं सगळी गल्ली म्हणायची. मी वरवर "कसलं काय" म्हणायचो, पण मनातून मला ते पुरतं पटलेलं असायचं. मला दुसरं काही येतच नव्हतं. दुकानदारी येत नव्हती, लोकांशी गोड बोलणं येत नव्हतं, आणि बसून करायच्या कामाचा तर मला राग होता. माझी सगळी अक्कल मनगटात, आणि मनगट चालायला कंबर शाबूत लागते हे कळायला चाळिशी जवळ यावी लागली.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. पायाला वर्षभर मुंग्या येत होत्या, मी कानाडोळा केला. एके दिवशी खाली पडलेलं मापाचं व्हर्निअर उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. मणक्यातली गादी सरकून शिरेवर बसली होती. पुढे डावा पाय बधिर झाला, अंगठा उचलेना, तेव्हा कापाकापीशिवाय इलाज उरला नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "शीर मोकळी केली आहे. आता जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. आणि तुमच्या त्या मशीनचं... बघू तीन महिन्यांनी." त्या 'बघू'ला मी जेवढा घाबरलो तेवढा ऑपरेशनलाही घाबरलो नव्हतो.

माझे तीन दोस्त होते. एक लाकडाचे पॅटर्न करणारा सुतार, एक फौंड्रीतला मोल्डर आणि एक आमच्या शेजारच्या शेडमधला वेल्डर. सुताराने लाकडात आकार करायचा, मोल्डरने त्यावरून वाळूत साचा घेऊन लोखंड ओतायचं, ते लेथवर माझ्याकडे यायचं, आणि आम्हा तिघांकडून काही मोडलं तर वेल्डरने ते जोडायचं. पंधरा वर्षं रोज सकाळी दहाला आम्ही एकाच गाड्यावर चहा प्यायलो होतो आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवली होती. प्रेमाबिमाचं बोलणं कधी झालं नव्हतं.

घरी आलो त्याच संध्याकाळी तिघे हजर. आमचा संडास उकिडवं बसायचा, ते तर मला बंद. कमोडची खुर्ची आणि चालायचा वॉकर दवाखान्यासमोरच्या दुकानात तयार मिळत होता. बायको आणायला निघाली तसा वेल्डर उखडला. "वहिनी, उद्यमनगरात ऱ्हाऊन इकत आणायचं? लोकं त्वांडात शेण घालतील की आमच्या!"

दोन दिवसांनी त्यांनी माल आणला. खुर्चीवर हत्ती बसला असता तरी ती करकरली नसती. वॉकर दोघांनी दोन बाजूंनी धरून आत आणला. दीड इंची जाड पाईप, कोपऱ्यांना आडव्या पट्ट्या, वरून तांबडा रंग. मला कंबरेला बेल्ट बांधून उभं केलं. वॉकर उचलायचा, एक पाऊल पुढे ठेवायचा, मग आपण पुढे जायचं, असं दवाखान्यात शिकवलेलं. मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि उचलायला गेलो. वॉकर जागचा हलला नाही.

"भाऊजी," बायको म्हणाली, "हे उचलायचं कुणी?"

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मोल्डर हळूच म्हणाला, "दोन किलोच्या वर न्हाय म्हटलं हुतं, व्हय?" वॉकर भंगारवाल्याच्या काट्यावर बावीस किलो भरला. मला इतकं हसू आलं की टाके ओढले गेले, आणि हसवू नका म्हणून मी त्यांनाच शिव्या दिल्या. तो वॉकर मग कॉटशेजारी कायमचा उभा केला, धरून उठायला त्याच्यासारखी भक्कम वस्तू घरात दुसरी नव्हती. चालायला त्यांनी ॲल्युमिनियमच्या पाईपचा दुसरा करून आणला. तो मात्र बायको एका बोटाने उचलायची.

त्यानंतर मला चालवायला सकाळी सहाला वेल्डर आणि संध्याकाळी इतर दोघांपैकी एक, असा त्यांचा नेम सुरू झाला. आज गल्लीतल्या पहिल्या विजेच्या खांबापर्यंत, परवा दुसऱ्या. मला कुणाचा हात धरून चालायची लाज वाटायची. दूध आणायला निघालेले लोक थांबून विचारायचे, "काय, बरं वाटतंय का आता?" आणि मला त्यांच्या हातातलं पातेलं पालथं करावंसं वाटायचं. एका सकाळी तिसऱ्या खांबाशी डावा पाय लटपटला आणि मी वेल्डरच्या अंगावर कोसळलो. त्याने धरलं म्हणून वाचलो, आणि वाचल्याचा सगळा राग त्याच्यावरच काढला. "तुमची मेहरबानी नको मला. उद्यापासून येऊ नकोस!" तो "बरं" म्हणाला आणि मला घरी पोचवून गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला त्याची शिट्टी. मी दारात आलो. "येऊ नको म्हटलं होतं मी."

"म्हटलतास की. चल."

त्याने पुढे कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही. माफी मागायची माझी पद्धत नव्हती. त्या दिवशी मी चौथ्या खांबाला हात लावून आलो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रोज एक तास मशीनवर उभं राहायची परवानगी दिली. मी धुतलेला शर्ट घालून गेलो. आमचे मालक बुटके, कष्टातून वर आलेले. त्यांनीच तरुणपणी ते जुनं लेथ घेऊन बसवलं होतं आणि दहाएक वर्षं स्वतः चालवलं होतं. त्यांनी मशीनला हार घातला होता. मी लोखंडाचा तुकडा पकडणारा चक फिरवला, हत्यार लावलं, पहिली कापणी सुटली आणि लोखंडाचा तो ओळखीचा जळका वास आला. वाटलं, आलो परत.

अर्ध्या तासाने कंबरेपासून टाचेपर्यंत आग सुरू झाली. मी हत्याराला धार नाही म्हणून थांबलो, मग तेल आणायचं म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांतच तेच. आठवडाभर मी घरी आणि दोस्तांना "झकास" म्हणून सांगत होतो. मालकांना फसवणं सोपं नव्हतं, ते स्वतः टर्नर. त्यांनी मला स्टोअरच्या खोलीत नेलं, खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "हितं बस. मालाची नोंद ठेव. पगार त्योच. मशीन बंद ठिवून मला परवडत न्हाय, म्हैनाअखेर दुसरा टर्नर बघाय लागंल."

ते वाईट माणूस असते तर मी भांडलो असतो. त्यांनी तर माझं भलंच बघितलं होतं. माझ्या लेथवर दुसरा कुणी उभा आहे आणि मी जाळीमागे बसून त्याला ड्रिल काढून देतोय, हे चित्र दिवसभर डोळ्यांपुढून हलेना. मी हरलो होतो आणि ते मालकांखेरीज कुणालाच कळलं नाही, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी मी तरीही हट्टाने मशीनवर उभा होतो, तेव्हा सुतार एक पॅटर्न द्यायला आला आणि दारातच थांबला. कानावर पेन्सिल. बराच वेळ बाजूने बघत राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "मशीन बंद कर. सरळ उभा ऱ्हा." खिशातला टेप काढून त्याने जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंतचं अंतर मोजलं. मग जमिनीपासून चकच्या मध्यापर्यंतचं.

"साडेपाच इंच," तो म्हणाला.

"काय साडेपाच इंच?"

"मशीन खाली हाय. मालकांच्या मापानं बसवलंय त्ये. तू सा फूट. एकोणीस वर्षं चूल फुकल्यागत वाकून काम करतोयास, मर्दा."

थाऊची चूक धरणारा माणूस मी, आणि साडेपाच इंच मला दिसले नव्हते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लागलो तेव्हा मशीन जसं होतं तसं घेतलं. कंबर दुखली की दोष कंबरेचा, असंच मी धरून चाललो होतो. त्या क्षणी मला हसावं की कुणाला तरी बडवावं कळेना.

संध्याकाळी तिघे मालकांपुढे उभे राहिले. लेथच्या दोन्ही पायांखाली बिडाचे ठोकळे घालून ते साडेपाच इंच उचलायचं, असा बेत. मालक खवळले. "जुनं मशीन हाय. हलवलं आन् लेव्हल गेली, तर शाफ्ट एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला बारीक निघाय लागतील. मग टर्नर बी गेला आन् मशीन बी गेलं!" त्यांचं चूक नव्हतं. मीही मनातून हेच म्हणत होतो. सुतार म्हणाला, "एक सोमवार द्या. न्हाय जमलं तर हुतं तसं बसवून देतो आन् पुन्यांदा त्वांड उघडत न्हाय." सोमवारी उद्यमनगराला सुट्टी. मालकांनी एक सोमवार दिला, महिन्यातला शेवटचा.

सुताराने लाकडी पॅटर्न केला, मोल्डरने ठोकळे ओतले, शेजारच्या गल्लीतून त्यांच्या वरच्या-खालच्या बाजू सपाट करून आणल्या. ठोकळे हातगाड्यावरून आले तेव्हा मी विचारलं, "वजन किती?" मोल्डर म्हणाला, "ह्ये तुला उचलायचं न्हाय. गप बस." त्यांना जमिनीतले जुने बोल्ट आता आखूड पडणार हे मात्र सुचलं नव्हतं. ते मी सांगितलं, आणि वेल्डर लांब बोल्ट करायला पळाला. एवढंच माझं योगदान.

सोमवारी मला दाराशी खुर्चीत बसवलं आणि हात लावायचा नाही अशी तंबी दिली. तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला साखळीची पुली बांधली. साखळी ताणली गेली, जमिनीतून कचकच आवाज आला आणि टनभर वजनाचं ते धूड वर उचललं गेलं. माझं एकोणीस वर्षांचं आयुष्य एका साखळीला लोंबकळताना मी बघत होतो. ठोकळे आत सरकले, मशीन खाली उतरलं. मग लेव्हल. इकडे पितळेची पातळ पट्टी घाल, तिकडची काढ, बोल्ट आवळ, पुन्हा बघ. लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुपारचे तीन वाजले. कुणी जेवलं नव्हतं.

"ऊठ," सुतार म्हणाला.

दोन फुटी शाफ्ट त्यांनीच चढवून दिला. मी उभा राहिलो आणि हात पुढे केला. हँडल हाताशी आलं होतं. हत्याराचं टोक मान न वाकवता दिसत होतं. मोटर सुरू केली, बारीक कापणी लावली. लोखंडाची चकचकीत गुंडाळी सुटत होती, मी फक्त तिच्याकडे बघत होतो. एक कापणी, दुसरी, तिसरी. शेवटची झाली तेव्हा मोल्डर म्हणाला, "पाऊण तास झाला." मला विश्वास बसेना. पायात आग नव्हती. मी कंबरेची आठवणसुद्धा काढली नव्हती.

मायक्रोमीटर मालकांनी माझ्या हातातून काढून घेतला. एक टोक मोजलं, चष्मा पुसला, दुसरं टोक मोजलं. पुन्हा पहिलं. "सेम टू सेम," ते म्हणाले. वेल्डरने पक्कड पत्र्यावर आपटली आणि असा काही ओरडला की समोरच्या शेडचा वॉचमन धावत आला.

मालक सवयीने मशीनसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हँडलला हात घातला. त्यांची कोपरं पंखांसारखी वर उचलली गेली. चकचा मध्य त्यांच्या छातीशी आला होता. आम्ही चौघेही हसू दाबत होतो, पण आधी मालकच फुटले.

"आरं, हे आता माझ्या कामाचं न्हाय ऱ्हायलं," ते म्हणाले, "आन् दुसऱ्या कुणाच्या बी न्हाय. हेच्यापुढं उभा ऱ्हाणारा टर्नर मी आता कुठनं आणू? उद्या आठला येणार न्हवं तू?"

मी "येतो" म्हणालो आणि मला रडू कोसळलं. एरवी चारचौघांत रडणाऱ्या माणसांची मी थट्टा करायचो. त्या दिवशी तिघा दोस्तांसमोर आणि मालकांसमोर मी मोठ्याने रडलो, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या मशीनपुढे ताठ उभा राहून रडलो.