तीन ते सात विश्रांती

दुपारी तीन ते सात आम्ही विश्रांती घेत होतो म्हणे! हॉटेलच्या रजिस्टरात तसं लिहिलेलं आहे आणि त्याच्यापुढे प्रत्येक तारखेला माझी सही आहे. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

हॉटेल हरमलला, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर. मी धारगळची. माझ्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहणारी वयनी माझ्याबरोबर तिथेच किचनात कामाला. ती डिचोलीकडची. खाणी बंद पडल्या, नवऱ्याचा ट्रक दारात गंजत राहिला, तेव्हा ती घराबाहेर पडली. माझ्याहून मोठी म्हणून मी तिला वयनी म्हणायची, ती मला बाय. माझ्याच स्कूटरवर मागे बसून यायची. आम्हाला महिन्याचा पगार नव्हता, तासावर पैसे. सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सात ते अकरा. झाले आठ तास. कागदावर कसं, धुतल्या तांदळासारखं स्वच्छ!

आता मधल्या चार तासांचं ऐका. तीन वाजता शटर अर्धं खाली यायचं आणि पात्रांव, म्हणजे आमचा मालक, माडीवर झोपायला जायचा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायची, इथे करणार नाही. दुपारची झोप आमच्या गोव्यात कोणी चुकवत नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जिना चढता चढता तो सांगून जायचा, "सुंगटं आलीत गे, तेवढी सोलून ठेवा." सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि तेवढी म्हणजे दोन घमेली भरून. ती सोलायची, एकेकीच्या पाठीतला काळा दोरा काढायचा, मग कांदे चिरायचे, नारळ खवायचे, चमचे पुसून ठेवायचे. हे सगळं मोरीजवळ, ओल्या जमिनीवर बसून. ते होईतो सात वाजायचे आणि पहिलं गिऱ्हाईक दारात उभं.

आठ तासांवर काम झालं की त्या जादा तासांचे दुप्पट पैसे, हा कायदा मला ठाऊक होता. दहावी पास आहे मी. एकदा धीर करून विचारलं, तर हसला. "अगे, तुम्ही घरच्याच ना? घरात कोण तास मोजतं?" घरच्या म्हणे! मग माडीवरच्या पंख्याखाली आमच्यासाठी दोन चटया का नाही पडल्या कधी? वर उलटून बोलायची सोय नाही, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून येऊ नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पण माझा खरा राग माझ्यावरच आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला तो रजिस्टर पुढे करायचा आणि अख्ख्या महिन्याच्या सह्या एकदम घ्यायचा. वयनीला वाचता येत नाही, सही तेवढी गिरवते. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, "बाय, काय लिहिलंय गे हे?" मी वाचलं होतं. 'विश्रांती, तीन ते सात.' आणि मी काय सांगितलं? "काही नाही गे, मार सही." भांडण नको म्हणून. जळो माझं ते शहाणपण!

मग एका दुपारी सुंगटाचा काटा वयनीच्या उजव्या अंगठ्यात गेला. किती वेळा जातो, आम्ही चोखून पुढे काम करतो. ह्या वेळी दोन दिवसांत अंगठा टम्म फुगला, पू झाला, दवाखान्यात चीर देऊन पू काढावा लागला. तीन आठवडे ती घरी. परत आली तेव्हा अंगठ्याचं पेर वाकत नव्हतं. भाताचा घास नीट धरता येईना तिला. औषधाचे पैसे मागायला आम्ही दोघी गेलो, तर पात्रांवने रजिस्टर काढून आमच्यासमोर धरलं.

"दुपारी हॉटेल बंद असतं. तुमच्या विश्रांतीच्या वेळात तुम्ही हात कुठे घातला, ते मला काय माहीत?"

चोर तो चोर, वर शिरजोर! त्याच आठवड्यात मी वयनीला घेऊन कामगार कचेरीत गेले आणि दोघींच्या नावाने अर्ज दिला, जादा तासांचा आणि अंगठ्याचा. हंगाम ऐन भरात होता, किचनात माणूस मिळत नव्हतं, म्हणूनच त्याने आम्हाला काढलं नाही.

सुनावणी सकाळची होती. पात्रांव इस्त्रीचा शर्ट घालून आला, रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत. अधिकारी बाईंनी पानं उलटली आणि मला विचारलं, "ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग इथे तर विश्रांती लिहिलंय."

मी सांगितलं सगळं, पण सांगताना माझं मलाच खोटं वाटायला लागलं. त्या शाईपुढे माझा शब्द किती टिकणार? वेटरांपैकी कोणी साक्षीला आलं नव्हतं, त्यांनाही पोटं आहेत. वयनी शेजारी खुर्चीच्या कडेवर बसलेली, उजवा हात पदराखाली. सकाळपासून तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. माझ्या एका सहीमुळे ही बाई अंगठ्यालाही मुकली आणि न्यायालाही, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

बाईंनी घड्याळ बघितलं. "पुरावा असेल तर घेऊन या. पुढची तारीख सोमवार, दुपारी साडेतीन. तिघांनीही हजर राहायचं."

पात्रांव फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"साडेतीनला नको हां मॅडम! ह्या दोघी तेव्हा इथे आल्या तर रात्रीची सुंगटं कोण सोलणार?"

बाईंनी पेन उघडलं. "काय म्हणालात? परत सांगा, लिहून घेते."

तेवढ्यात वयनीने पदराखालचा हात काढला आणि रजिस्टरावर ठेवला, तो ताठ अंगठा माझ्या सहीवरच आला.

"आम्हीच सोलतो, मॅडम," ती म्हणाली. "रोज."