नाव भागीबाईचं

आपल्याला काय होतंय हे भागीबाईला एका मंगळवारी दुपारी मोबाइलवरून कळलं. तिला म्हणे जेवण जात नव्हतं. सून तृप्ती हिंदीत सांगत होती, पडद्यावरची डॉक्टरबाई लिहून घेत होती, आणि भागीबाई बेडरूममधल्या खुर्चीत ताठ बसून स्वतःची बातमी ऐकत होती.

पेठपलीकडच्या पाड्यावर तिचा जन्म गेला. भात, नागली, आणि थंडी पडली की निफाडच्या द्राक्षबागा. नवरा गेल्यावर मुलाने, चंदरने, तिला शहरात, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. चंदर अंबडच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तृप्ती घरातच हेडफोन लावून दिवसभर कुणाकुणाच्या विम्याच्या तक्रारी ऐकायची. शेजारी केरळचं कुटुंब, समोर बिहारचं, वर मालेगावकडचं. या घरात कुणी रडलं तर चार भाषांत कळलं असतं.

चंदरच्या कंपनीने कामगारांच्या घरच्यांसाठी फोनवरचे डॉक्टर सुरू केले होते, मनाचेसुद्धा. तृप्तीने विषय काढला तेव्हा चंदर हसला होता. "तुला काय झालंय? खाऊनपिऊन सुखी हायेस." आठवड्याने ती म्हणाली, "आईंना दाखवू या का? गप्प गप्प असतात." तो लगेच हो म्हणाला. म्हातारीचं चालतं.

"माँजी, नींद कैसी है?"

"आई, झोप लागते का विचारतायत."

"लागते की. पडले की मेले."

तृप्ती पडद्याकडे वळली. "नहीं आती. तीन-तीन बजे तक जागती हैं."

भागीबाई चपापली. आईंना हिंदी येत नाही, असं तृप्ती धरून चालली होती. पण निफाडच्या पॅकिंग शेडमध्ये भागीबाईने सत्तावीस हंगाम बिहारकडच्या माणसांशेजारी बसून द्राक्षं निवडली होती. भांडली होती ती हिंदीतच.

मग ही असं का सांगते? वेडं ठरवून पाड्यावर परत धाडायचंय? की आपण खरंच जागे असतो आणि आपल्यालाच पत्ता नसतो? तिने कालची रात्र आठवून पाहिली. काहीच आठवेना. पण झोपलेल्या माणसाला तरी ती कुठे आठवते?

"रोना आता है?"

"रडू येतं का, आई?"

"तुझा सासरा गेला तवा आलं. आता कशाला?"

"रोज," तृप्ती म्हणाली. "मिक्सर चला देती हैं, ताकि कोई सुने नहीं."

मिक्सरला भागीबाईने कधी हात लावला नव्हता. त्याच्या आवाजाला ती भ्यायची. पण चटणी केव्हाच ताटात आलेली असायची आणि आत मिक्सर गुरगुरतच असायचा, हे तिने ऐकलं होतं. विचारलं नव्हतं.

"कभी लगता है, जीना ही नहीं?"

हा प्रश्न तृप्तीने मराठीत आणलाच नाही. "कभी कभी," ती म्हणाली.

डॉक्टरबाईने पेन खाली ठेवलं. "आप ज़रा बाहर जाइए. मुझे माँजी से अकेले में बात करनी है."

"उन्हें हिंदी नहीं आती, मॅडम."

"जा तू," भागीबाई म्हणाली. "मी बघते."

तृप्ती स्वयंपाकघरात गेली. मिक्सर लागला नाही.

खरं सांगावं तर सून खोटी पडते आणि चंदरला कळतं. गप्प बसावं तर गोळ्या आपल्या नावाने येणार, आणि ती तशीच राहणार. काय बरोबर, तिला सुधरेना. पडद्यावरचे डोळे थांबून होते.

"मॅडम, मेरे को नींद आती. उसको नहीं आती."

"किसको?"

"जो बोली, उसको."

डॉक्टरबाईने पेन परत उचललं. मग आवाज आला, "उनको बुलाइए."

"तृप्ते, ये. इथं बस."

"आई, काय सांगितलंत तुम्ही?"

"मला काय ठावं? तू सांगत व्हतीस तेच. बस आता."

तृप्ती उभीच राहिली. भागीबाईने तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

साडेतीनला चंदर आला. पहिल्या शिफ्टचा डबा हातात, आणि आई बेडरूमच्या दाराला पाठ लावून फरशीवर.

"संपलं डॉक्टरचं?"

"माझं झालं. तिचं चाललंय."

"तिचं? तिचं काय?"

भागीबाईने तोंड उघडलं. काय म्हणतात याला, तिला माहीत नव्हतं. दारामागून तृप्तीचा आवाज येत होता, अडखळत, मग न थांबता.

"आई, सरक. बघू दे."

"नाय."

"अगं, पण झालंय काय?"

"मलाबी नाय कळलं," ती म्हणाली. "डबा दे इकडं." तिने हात पुढे केला, पण दारातून उठली नाही.