कातडं नोकरीला लागलं

आई गुऱ्हाळावर रस आटवायच्या काहिलीपाशी कामाला होती. इंदापूर तालुक्यातलं आमचं घर पत्र्याचं, जमीन नाही, आणि ऊसतोड संपली की आबांची, माझ्या वडलांची, मजुरीही संपायची. मी शाळेत असताना उकळता रस आईच्या उजव्या हातावर सांडला. जखम भरली, पण भरताना कातडं आवळत गेलं आणि बोटं तळव्यात मिटली ती मिटलीच. मग ती एका हातानं भाकरी थापायची. भाकरी एका बाजूला जाड व्हायची. तीच खाऊन मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले. माझ्याआधी आमच्यात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी कुठंही सांगते, मान वर करून सांगते.

नोकरी लागली बारामती एमआयडीसीतल्या एका लहान प्रयोगशाळेत. तिथं आम्ही माणसाचं कातडं छापतो. जिवंत पेशी जेलमध्ये मिसळायच्या, प्रिंटरच्या सुईतून थरावर थर सोडायचे आणि तो तुकडा अंगाइतक्या उबेच्या कपाटात वाढू द्यायचा. पुढंमागं भाजलेल्या माणसाला लावता यावा म्हणून.

आईच्या हाताचं ऑपरेशन केलं. आवळलेला भाग सोडवून तिथं मांडीचं कातडं लावलं. थोडं उरलं. डॉक्टरांनी आणि प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांनी तिला सगळं समजावून ते पेशींसाठी न्यायची परवानगी मागितली.

"उरल्यालं न्या की," ती म्हणाली. मग मला, "तुझ्या परीक्षेला हू दे."

"आई, परीक्षा न्हाय, नोकरी हाय."

"मग तर लईच भारी." आणि आत्याकडं वळून, "ऐकलं का वन्सं? मी न्हाय गेले, पर माझं कातडं एमआयडीसीत नोकरीला लागलं!"

हात काही महिने सरळ राहिला, मग परत मिटायला लागला. दुसऱ्या ऑपरेशनचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे होते. बाभळीवर ओळीनं बसले होते, एकही खाली येईना. "पोरीकडं मी बघतो," "तुझी म्हस इकत न्हाय," आबांनी सगळे शब्द देऊन झाले. ऊन चढलं. आत्या हळूच म्हणाली, "शिवत न्हाय म्हंजी ती गेल्याली न्हाय. कुठंतरी हाय अजून."

सगळे नदीकडं बघत होते. मी बघितलं नाही. ती कुठं आहे ते मला ठाऊक होतं.

शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आबांना ते पटलं नाही. रोज सकाळी ते पत्र्यावर घास ठेवायचे. कावळा यायचा, मान वाकडी करून बघायचा, उडून जायचा. आबांचं जेवण तुटलं. गळ्याची हाडं वर आली.

मी कामावर परतले आणि कपाट उघडलं. आईच्या पेशींचे तुकडे काचेच्या बशीत होते. झाकणावर नाव नसतं, नंबर असतो. तो मला पाठ. छापले तेव्हा ते चौकोनी, सपाट होते. आता एकूण एक कडा उचलून आत वळले होते, लहान मुठींसारखे. या पेशी जेल आवळतात, कुणाच्याही असोत. मी ते शिकलेय. पण शेजारच्या बशीत दुसऱ्या कुणाच्या पेशी होत्या, त्या एवढ्या वळल्या नव्हत्या. मी झाकण लावलं आणि मागं सरकले.

त्या आठवड्यात आबांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मला दाव."

सरांनी परवानगी दिली. आबा गाडीवर मागं बसून आले, टोपी हातात धरून काचेपाशी उभे राहिले.

"ऊब हाय का तिला?"

"अंगाइतकी."

"आन् खाती काय?"

"गुलाबी पाणी असतंय, त्यातच समदं. एक दिवसाआड घालतो."

"तू घालतीस?"

"व्हय."

त्यांनी वळलेला तुकडा पाहिला. त्यांचाच उजवा हात हळूहळू मिटला. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

"हात तसाच हाय की गं तिचा."

"आबा, ही आई नव्हं. कातडं हाय. तुमी म्हणाल तर सरांना सांगून बंद करते. टाकून देता येतं."

कपाटाचा पंखा घुमत होता. मला वाटलं, ते 'सोड तिला' म्हणणार.

"मिटल्या हातानं वाटंला लावू नगंस," ते म्हणाले. "आदी उघड. मग बघू."

मी कामाला लागले. जेल बदललं, कडेला धरून ठेवणारी बारीक जाळी छापून पाहिली. तुकडे वळतच राहिले. घरी गेले की आबा तोंडानं काही विचारायचे नाहीत; आपला तळवा पुढं धरायचे. मी मूठ दाखवायचे.

एका संध्याकाळी मी तळवा उघडा दाखवला.

दुसऱ्या सकाळी आबांनी नेहमीसारखा घास ठेवला. मी गाडी काढत होते. पत्र्यावर नखं वाजली, मग चोच. मी वर बघितलं नाही. आत आबा आत्याकडं भाकरी मागत होते.

आईच्या पेशींपासून छापलेलं कातडं आता वळत नाही. कडेपर्यंत सपाट राहतं, आणि जिवंत आहे. ते मी केलं.