दोन कप पाणी

बायको गेली त्याच्या आदल्या सकाळी आम्ही दोघांनी चहा घेतला. साखर कमी हाय म्हणून मी कुरकुरलो. तेवढंच शेवटचं.

तीन महिन्यांनी नातीला आणायला म्हसवडच्या शाळेत गेलो. सांगलीहून एक बाई आलेली, पोरांना कॉम्प्युटर शिकवायला. पडद्यावर बोटानं रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की म्हणे तिथलं मांजर चालतं. आमच्याकडची मांजरं न शिकवताच चालतात. दर पोराची बोटं उमटली की बाई ओढणीनं पडदा पुसायची.

मला बघून म्हणाली, "आजोबा, चहा कसा करता? एकेक पायरी सांगा, मुलं ठोकळे लावतील."

"पयलं दोन कप पाणी."

"दुसरा कप कुणाचा?" बाईनं विचारलं.

नातच बोलली, "आजीचा. आज्जा रोज ठिवतो आन् मोरीत वततो."

बाईनं पुसलेलाच पडदा पुन्हा पुसला. "माणूस गेलं ते मशीनला कळत नाही, आजोबा. ठोकळा आपणच काढायचा."

लय शहाणी, म्हटलं मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकच कप पाणी ठेवलं. साखर मात्र हातानं दोघांची टाकली. चहा गोडमिट्ट झाला. न कुरकुरता प्यालो.