पाण्यातला श्वास

अंधाराच्या बाई बोलता बोलता श्वास घ्यायचं थांबायच्या. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या सोनोग्राफीच्या खोलीच्या खिडक्या काळ्या कापडानं झाकलेल्या, म्हणून बाहेर बाकावर ताटकळणाऱ्या आम्ही गरोदर बायकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. पोटावर गार जेल लावलं की त्यांची नजर मॉनिटरवर खिळायची. आतल्या बाळाची छाती हलली, की मगच बाईंचा श्वास सुटायचा.

"घेतंय की श्वास!" त्या म्हणायच्या.

पहिल्यांदा मी दचकलेच. "बाई, पोटात हवा कुठनं आली?"

"हवा न्हाय गं. पाणी आत ओढतंय, बाहेर सोडतंय. सराव चाललाय. पाणी नसलं तर फुप्फुस वाढायचंच न्हाय."

मी मान वळवून पाहिलं. काळ्या पाण्यात एक फिकट छाती वरखाली होत होती. त्या दिवसापासून घरी पडल्या पडल्या मला वाटायचं, माझ्या आत आणखी कुणीतरी श्वास घेतंय आणि मला ते ऐकू येत नाहीये.

सहाव्या महिन्यात माझं गर्भजल थोडं थोडं गळायला लागलं. दवाखान्यात बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली. बाई सारख्या तपासायला बोलवायच्या. "श्वासाच्या नळ्यांना फांद्या फुटल्यात," त्या सांगायच्या, "पण टोकाचे फुगे अजून कच्चे हायत. पडून राहा पोरी, हलू नकोस."

एके दुपारी बाळाची छाती हललीच नाही. ठोके दिसत होते, छाती स्थिर. बाईही स्थिर. बाहेर रिक्षा थांबली, गेली. मॉनिटरच्या उजेडात बाईंचे ओठ निळसर दिसायला लागले. मी हाक मारली, त्यांना ऐकूच गेलं नाही. शिरोलीच्या फौंड्रीतल्या कामावरून तसाच धावत आलेला माझा नवरा पुढं झाला आणि त्यानं त्यांचा खांदा गदागदा हलवला. बाईंनी मोठ्यानं श्वास ओढला. त्याच क्षणी मॉनिटरवरची छाती वर आली.

माझं पोट बाईंनी स्वतः पुसलं. "बाळं अशी मधेच थांबत्यात. घाबरायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

आठव्यात मुलगी झाली. काही दिवस काचेच्या पेटीत, नळीवर राहिली आणि जगली.

ती चालायला लागल्यावर मी तिला बाईंकडं घेऊन गेले. सोनोग्राफीची खोली कायमची बंद करून बाई वरच्या मजल्यावर एकट्याच राहत होत्या. त्यांनी मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली.

"आता करमतं का, बाई?"

"करमतंय की. दिवा मालवला की दिसत्यात बाळं. पाण्यात छाती हलत असती."

"आमची पण दिसते?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुझी न्हाय दिसत, पोरी. बाहेर येऊन रडलेली एकबी दिसत न्हाय. जी रडलीच न्हाईत, तीच येत्यात."

गेल्या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. त्या वेळी जवळ कुणीच नव्हतं, असं शेजारीण म्हणाली. मला ते पटलं नाही.